वायरकटवर नवीन आहात? आधी तुटलेली वायर बघायला शिका

मला पहिल्यांदा वायरकट मशीनवर उभं केलं, तेव्हा काम एकच सांगितलं होतं: वायर तुटली की ओवायची आणि पुन्हा सुरू करायचं. कॅड-कॅम शिकून आलेल्या माणसाला हे सुईत दोरा ओवण्याचं काम! मी मनातून नाराज होतो. पण त्या तुटण्यातच निम्मं शिक्षण होतं.

वायरकट म्हणजे ईडीएमचा, विजेच्या ठिणग्यांनी धातू कापण्याचा, एक प्रकार. ईडीएममध्ये हत्यार जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, टेकतच नाही. वायर आणि जॉब यांच्यामध्ये केसापेक्षा बारीक फट असते, त्या फटीत सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी धातूचा कण वितळवून उडवते. सोव्हिएत संघात बोरिस आणि नतालिया लाझारेंको हे दांपत्य स्विचमधले टंगस्टनचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी झिजू नयेत म्हणून धडपडत होतं. झीज काही थांबेना. मग १९४३ मध्ये त्यांनी तीच झीज धातू कापायला कामाला लावली. म्हणून जॉब किती कडक आहे याची इथे फारशी फिकीर नसते, त्यातून वीज वाहिली की झालं. ६० एचआरसीचं (एचआरसी हे कडकपणाचं माप) हार्डन केलेलं डी-२ पोलाद असो की त्याहून कडक कार्बाइड, पितळेची मऊ वायर ते कापते. मऊ वायर कडक धातू कशी कापते, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो, आणि ‘वायर फार कडक असते म्हणून’ असं उत्तर देणारे मी पाहिले आहेत.

आता तुटण्याकडे. नवखा माणूस वायर तुटली की आधी पॉवर कमी करतो. मीही करायचो. वायर तुटायची थांबते, पण चार तासांचा जॉब सात तासांवर जातो. आधी बघा, तुटली कुठे. जॉबच्या आत तुटली तर पहिला संशय फ्लशिंगवर, म्हणजे फटीतला गाळ धुऊन काढणाऱ्या पाण्याच्या झोतावर, घ्या. नोझल जॉबपासून लांब राहिला की पाणी बाजूलाच उडतं आणि फटीतला गाळ तसाच राहतो. जॉबच्या कडेवरून आत शिरताना, किंवा मधल्या जुन्या भोकावरून जाताना तुटली तरी कारण तेच: पाण्याचा दाब निसटतो. तिथे तेवढ्यापुरती पॉवर कमी करणं बरोबर आहे. जॉबच्या बाहेर, वायरला करंट देणाऱ्या कॉन्टॅक्टपाशी वारंवार तुटत असेल तर कॉन्टॅक्ट काढून बघा, वायरने त्यावर चर पाडलेली असेल. चर नसलेल्या जागेवर सरकवून घ्या. आणि काहीच जुळत नसेल तर पाण्याची कंडक्टिव्हिटी बघा. पाणी शुद्ध ठेवणारं रेझिन संपलं की पाणी स्वतःच वीज वाहू लागतं आणि कटिंगचा तोल जातो.

प्रोग्रॅमिंगबद्दल फार लिहीत नाही, ते आठवड्यात जमतं. मात्र ऑफसेट, म्हणजे वायर ड्रॉइंगच्या रेषेपासून किती बाजूला ठेवायची ते अंतर, कागदावर मांडल्याशिवाय स्टार्ट दाबू नका. ०.२५ मिमीची वायर म्हणजे त्रिज्या ०.१२५. ठिणगीची फट ०.०३ धरली तर वायरचं केंद्र रेषेपासून ०.१५५ वर हवं. मी एका डायच्या (पत्रा कापायच्या साच्याच्या) भोकाला जी ४१ (ऑफसेट रेषेच्या डावीकडे) च्या जागी जी ४२ (उजवीकडे) दिला. वायर रेषेच्या आतून जायची ती बाहेरून गेली, भोक प्रत्येक बाजूला ०.३१ मिमी मोठं झालं आणि हार्डन केलेला ब्लॉक भंगारात गेला. ड्राय रन (न कापता प्रोग्रॅम चालवून बघणं) केला होता, पण स्क्रीनवर तेवढा फरक डोळ्याला दिसत नाही. तेव्हापासून मी कापायच्या आधी भोकाच्या केंद्रापासून एका बाजूचं अंतर हाताने काढतो आणि मशीनवर दिसणाऱ्या आकड्याशी ताडून बघतो.

दुसरी गोष्ट पुस्तकात एका ओळीत उरकतात: हार्डन केलेल्या पोलादात ताण दडलेला असतो. पंच (डायच्या भोकात शिरणारा भाग) कापायचा म्हणून ब्लॉकच्या कडेवरून आत शिरलात, की ब्लॉक चिमट्यासारखा मिटतो किंवा उघडतो आणि माप हातचं जातं. त्यासाठी हार्डनिंगच्या आधीच स्टार्ट होल (वायर ओवायचं भोक) पाडून घ्या, म्हणजे कडेवरून शिरावं लागत नाही. आधी रफ कट घ्या, मग एक-दोन स्किम कट, म्हणजे त्याच वाटेने हलके कट. स्किम कटमुळे माप तर येतंच, शिवाय वितळून पुन्हा थिजलेला ठिसूळ पांढरा थरही बराचसा निघतो. डायच्या धारेवर तो थर राहिला तर तिथूनच बारीक तडे सुरू होतात.

शेवटचे ३-४ मिलिमीटर उरले की मशीनजवळ या. चहा नंतर. तुकडा सुटताना तिरका झाला की वायर दाबली जाते, शॉर्ट होते, किंवा तुकडा खालच्या नोझलवर आदळतो. म्हणून तेवढा भाग न कापता थांबायचं, तुकड्याला चुंबक लावून आधार द्यायचा आणि मगच उरलेलं कापायचं. हात आत घालायच्या आधी पॉवर बंद झाल्याची खात्री करा. चालू वायरला बोट लागलं की झटका बसतो. मला बसलाय.