दुरंगी आयव्ही हिरवी पडतेय? या चुका टाळा

दुरंगी आयव्ही या वेलीच्या पानाची पांढरी कड कितीही देखणी असली, तरी तिच्यात हरितद्रव्य जवळपास नसतं. पानाचा हिरवा भाग अन्न तयार करतो आणि पांढऱ्यालाही तोच पोसतो. हे ध्यानात आलं की पुढच्या बऱ्याच चुका होतच नाहीत.

पहिली चूक म्हणजे कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणं. ‘आयव्ही सावलीत येते’ हे साध्या हिरव्या जातींना चालतं, दुरंगी वेलीला भरपूर उजेड लागतो. तो मिळाला नाही की रंग फिके पडतात, पेरं लांबतात आणि नवी पानं बारीक येतात. मात्र दुपारचं थेट ऊनही नको, पांढऱ्या कडा तपकिरी होऊन करपतात.

सगळ्यात महागात पडते ती दुसरी चूक. वेलीवर अचानक एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. टवटवीत दिसते म्हणून आपण ती ठेवतो. पण तिच्यात हरितद्रव्य जास्त असल्यानं ती जोमानं वाढते आणि दुरंगी फांद्यांना मागे टाकते. पानाच्या मधोमध पिवळा ठिपका असणाऱ्या ‘गोल्डहार्ट’मध्ये हे फार होतं. अशी फांदी दिसताच जिथून फुटली तिथूनच स्वच्छ कात्रीनं कापा, नुसता शेंडा खुडू नका. कलमासाठीही चांगली रंगलेली फांदीच निवडा, हिरव्या फांदीपासून हिरवंच रोप मिळतं.

पान मरगळलं की लगेच पाणी घालायची घाई नको. आधी बोट मातीत खुपसून बघा. माती ओली असूनही खालची पानं पिवळी पडत असतील, तर मुळं कुजायला लागली असण्याची शक्यता जास्त. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका.

उबदार, कोरड्या खोलीत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड हमखास येते. पानावर फिकट बारीक टिपके दिसले तर ते पान पांढऱ्या कागदावर झटका. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले, की समजा तीच. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याची धार मारा आणि दर चार-पाच दिवसांनी दोन-तीन आठवडे हेच करा. एकदाच धुतलंत तर राहिलेल्या अंड्यांतून पिल्लं येतातच.

बागेत वेल भिंतीवर सोडण्याआधी गिलावा तपासा. पक्क्या भिंतीला सहसा धोका नसतो, पण भेगाळलेल्या भिंतीत तिची मुळं शिरतात. शिवाय वेल ओढून काढली की रंगाचे पोपडे निघतात आणि मुळांच्या खुणा उरतात.

छाटताना हातमोजे घालाच, रसानं काहींच्या त्वचेला खाज सुटते. पानं आणि फळं पोटात गेली तर त्रास होतो, म्हणून कुंडी लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांच्या तोंडापासून दूर, उंचावर टांगा.