त्रिंकोमालीचं मॉडेल : या चुका टाळा

ब्रिटिश नौदलाच्या ‘त्रिंकोमाली’सारख्या लेडा वर्गाच्या (एकाच आराखड्यावरच्या) फ्रिगेटचं, म्हणजे मुख्य तोफा एकाच डेकवर असलेल्या शिडाच्या युद्धनौकेचं, मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा फळी कापायच्या आधीच, कारण जहाज ठरलेलं असतं पण साल ठरलेलं नसतं. ‘त्रिंकोमाली’ जमशेदजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. 1845 नंतर तिची पिछाडी बदलली, तोफा कमी झाल्या आणि ती 26 तोफांची कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या दर्जाची युद्धनौका) झाली. इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आज उभ्या असलेल्या जहाजाचे फोटो पाहून 1817 चं मॉडेल केलं, तर पिछाडी चुकलीच म्हणून समजा. स्कॉटलंडमधल्या डंडीची ‘युनिकॉर्न’ही याच वर्गातली, पण 1824 ची आणि गोल पिछाडीची. तिच्यावरून तर काहीच उचलू नका.

तोफांचा घोळ वेगळा. ‘38 तोफांची फ्रिगेट’ या आकड्यात कॅरोनेड (जवळच्या माऱ्याच्या आखूड तोफा) धरत नसत. 1817 पासून त्या मोजायला लागले आणि तीच जहाजं 46 तोफांची झाली. मुख्य तोफा 28, म्हणजे एका बाजूला 14, सगळ्या 18 पौंडी (18 पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) आणि एकाच डेकवर. त्याखालच्या डेकवर खलाशी राहायचे. तिथे तोफांच्या खिडक्या कापल्या की संपलं.

माप: तोफांच्या डेकची लांबी 150 फूट दीड इंच, म्हणजे 1:64 या प्रमाणात 715 मिलिमीटर. ही मॉडेलची एकूण लांबी धरून काचपेटी मागवू नका, पुढची तिरकी डोलकाठी बाहेरच राहील.

आता लाकूड. जहाज सागाचं म्हणून मॉडेलही सागाचं, हा मोह आपल्याकडे फार. सागाचं पाव मिलिमीटरचं छिद्र या मापात खऱ्या जहाजावरच्या दीड सेंटिमीटरच्या भेगेसारखं दिसतं, आणि त्यातल्या सिलिकामुळे पातं भराभर बोथट होतं. हेदाचं लाकूड घ्या, रेषा बारीक असतात. सागच हवा असेल तर त्यातल्या तेलामुळे जोड सुटतात, म्हणून चिकटवायची बाजू ॲसिटोनने पुसा आणि सुकताच गोंद लावा. उद्यावर टाकलं तर तेल पुन्हा वर येतं.

शेवटी पाण्याखालच्या भागावर लावायचे तांब्याचे पत्रे: या मापात 19 × 5.5 मिलिमीटर. सुरुवात पिछाडीकडून करा, म्हणजे पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर बसते. उलट लावले तर प्रत्येक कड पाण्याच्या तोंडाला येते.