कॅज्युअल्टी सोडून एनआयसीयूत गेले तेव्हाचं

मी २०२२ च्या जुलैत कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, नर्स म्हणून लागले आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. चार महिने पण धड झाले नव्हते. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचं, रजिस्ट्रेशन नवंकोरं, युनिफॉर्मची इस्त्री पण मोडली नव्हती म्हणा ना, आणि ही बाई लगेच डिपार्टमेंट बदलून मागते, लोक काय म्हणतील, पुढं कुठं इंटरव्ह्यूला गेले तर विचारतील काऊन सोडलं म्हणून, हे सगळं डोक्यात. आता नवीन पोट्ट्या हेच विचारतात म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

गाव माझं यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. जिल्ह्याच्या ठिकाणी ८० बेडचं खाजगी हॉस्पिटल, तिथं कॅज्युअल्टीत जागा होती म्हणून तिथं लागले, आवडीबिवडीचा प्रश्नच नव्हता. आणि लागले कधी, तर जुलैत. आमच्याकडं जुलै ते ऑक्टोबर म्हणजे फवारणी आणि साप, दोन्ही एकदमच. २०१७ ला फवारणी करता करताच विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यातले कितीतरी शेतकरी-मजूर गेले, तेव्हा मी शाळेत होते, बाबानं त्यानंतर बरेच दिवस पंपाला हात लावला नव्हता. तसलेच पेशंट आता माझ्यासमोर. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, कपड्यांना औषधाचा तो वास जो घरी जाऊन डोकं धुतलं तरी जात नाही. ॲट्रोपिन म्हणजे या विषावरचं इंजेक्शन, त्याच्या एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असतं आणि असल्या पेशंटला लागतं त्याच्या कितीतरी पट, म्हणून एक सिस्टर नुसती अँप्युल फोडतच बसायची, ती सिस्टर म्हणजे बहुतेक वेळा मीच. बोटं कापायची. छाती मोकळी झाली का, नाडी किती, आणि जास्त झालं तर पेशंट बडबडायला लागतो, चादर ओढतो, ते पण बघायचं.

एका रात्री एक म्हातारे बाबा आले, पान लागलेलं, म्हणजे साप चावलेला. नातेवाईक म्हणाले परड होती, म्हणजे घोणस. डॉक्टरांनी क्लॉटिंग बघायला सांगितलं. ती टेस्ट एवढी साधी की हसू येईल, कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये दोन मिली रक्त घ्यायचं, स्टँडला उभं ठेवायचं आणि २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदा तिरपं करून बघायचं गोठलं की नाही. न गोठलं तर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध. बस. पण त्यांचा मुलगा माझ्या मागं उभा, "काय झालं बाई, काय झालं" चालू, आणि मी बाराव्या मिनिटाला ट्यूब उचलून तिरपी केली. रक्त पातळच. मी पळत डॉक्टरांकडं गेले, त्यांनी घड्याळ बघितलं आणि फक्त एवढं विचारलं, ट्यूब लावली किती वाजता? पुन्हा रक्त काढायला लागलं, पुन्हा २० मिनिटं. बाबा वाचले, ते सोडा, पण त्या दुसऱ्या २० मिनिटांत मी मनात ठरवून टाकलं की हे काम आपलं नाही.

अर्ज घेऊन इन्चार्ज सिस्टरकडं गेले. त्या मूळच्या अकोटच्या, वऱ्हाडीच बोलतात. त्यांनी अर्ज वाचलाच नाही, घडी करून बाजूला ठेवला अन् म्हणल्या, "मले एवढंच सांग, तुले हे आवडून नाही रायलं का जमून नाही रायलं?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही आलं. त्या म्हणल्या, "कापसाचे दोन वेचे होऊ दे, मंग ये." म्हणजे सीझन संपू दे.

तेव्हा मला त्यांचा लय राग आला होता, पण आता वाटतं सगळ्यात कामाचं तेच होतं. जानेवारीत तीच कॅज्युअल्टी वेगळी दिसायला लागली. ॲक्सिडेंट, छातीत दुखणं, तापाची लेकरं, मधे मधे चहा प्यायला पण वेळ. हात चालायला लागले, कॅन्युला, म्हणजे सलाईनसाठी शिरेत घालायची नळी, पहिल्या टोच्यात जायला लागला. म्हणजे न जमण्याचा भाग बराचसा गेला. आणि तो गेल्यावर जे उरलं ते मात्र खरं होतं, मला पेशंट दोन तासांत पुढं वॉर्डात जातो आणि त्याचं पुढं काय झालं ते कळतच नाही, हे सहन व्हायचं नाही. मी ड्युटी संपल्यावर वॉर्डात जाऊन बघून यायची, सगळे हसायचे. आवडत नाही ते हे होतं. भीती नव्हती. हे ऑक्टोबरमध्ये मला कोणी कितीही विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. म्हणून माझं म्हणणं, मे महिन्यातल्या उन्हात मेडिसिन वॉर्ड किंवा डेंग्यूच्या दिवसांत लेकरांचा वॉर्ड बघून कायमचं ठरवू नका, एक सीझन उलटू द्या. हां, पण वॉर्डात कोणी अंगावर हात टाकत असेल, चुकीचं कागदावर लिहायला लावत असेल तर सीझनबीझन काही बघू नका, लगेच निघा.

मार्चमध्ये एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, गेले. आणि पुन्हा बिनडोक! हे कोणी सांगत नाही, की बदललं की तुम्ही पुन्हा शून्यावर येता. कॅज्युअल्टीत पिवळा कॅन्युला क्वचित हातात आलेला, इथं पिवळा म्हणजे मोठा, त्याहून बारीक जांभळा २६ नंबरचा घालायचा आणि शीर सुतळीच्या धाग्याएवढी पण नाही. पहिल्या महिन्यात एका बाळाच्या पोटावरचा वॉर्मरचा, म्हणजे ऊब देणाऱ्या मशीनचा, टेंपरेचर मोजणारा प्रोब सुटला, मला दिसलं नाही. प्रोब सुटला की मशीनला वाटतं बाळ गार पडलं, ते आणखी तापवत बसतं. बाळ लालबुंद, टेंपरेचर ३८ सेल्सिअसच्या वर. सिनिअरनं प्रोब चिकटवला, मला काही बोलली नाही, फक्त त्या रात्री दर १५ मिनिटांनी माझ्याकडून प्रोब बघून घेतला. पण गंमत अशी की यावेळी हे काम आपलं नाही असं एकदाही वाटलं नाही. वाटीचमच्यानं ५ मिली दूध पाजायला अर्धा तास लागला तरी कंटाळा येत नाही, आईच्या छातीवर कांगारूसारखं बांधून ठेवलेल्या बाळाचं वजन रोज २० ग्रॅमनं वाढलं तरी मी घरी फोन करून सांगते. आई म्हणते, "तुह्या लेकराचं हाय का थे?"

आता कागदपत्रांचं, कारण पोरी इथंच फसतात. एकाच हॉस्पिटलमध्ये वॉर्ड बदलला तर अनुभव तुटत नाही, पण अनुभव पत्रावर डिपार्टमेंट, तारखा आणि हॉस्पिटलचे बेड किती हे लिहून घ्या. एम्सच्या नॉरसेट परीक्षेला, म्हणजे तिथल्या नर्सभरतीच्या परीक्षेला, जीएनएमवाल्यांना निदान ५० बेडच्या हॉस्पिटलमधला २ वर्षांचा अनुभव लागतो, बीएस्सी नर्सिंगवाल्यांना लागत नाही. आमच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय ३० बेडचं, म्हणजे तिथले दिवस त्यात धरत नाहीत, आणि हे माझ्या मैत्रिणीला फॉर्म भरताना कळलं. तिच्याच आधीच्या खाजगी दवाखान्यानं ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवून ठेवले होते, सोडायचं म्हटलं तर तीन महिन्यांचा पगार मागितला. ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स द्या, बाकी काही नाही. आणि एखादा विषय खरंच आवडला तर एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो, नवजात, क्रिटिकल केअर, इमर्जन्सी असे बरेच विषय आहेत, मी पुढच्या वर्षी बघणार आहे, पैसे जमले तर.

सध्या मेडिसिन वॉर्डातली एक नवीन पोरगी अर्ज लिहून फिरते आहे. मी तिला म्हटलं आधी पंधरा दिवस आमच्याकडं फ्लोटर ड्युटी, म्हणजे तात्पुरती ड्युटी, माग, अर्ज नंतर. परवा नाईटला आली, ११०० ग्रॅमचं बाळ बघून म्हणे, "ताई, हे तर उंदराच्या पिल्लाएवढं आहे वो," आणि मागं सरकली. तासाभरानं बघितलं तर स्टूल ओढून वॉर्मरजवळ बसलेली, प्रोबकडं बघत. अर्ज अजून तिच्या पर्समध्येच आहे.