जुने जपानी आरपीजी नव्या कन्सोलवर पुन्हा कसे खेळावेत

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा जपानी आरपीजी (पात्रांना हळूहळू बलवान करत लांब कथा खेळायचा गेम) मोठ्या हौसेने नव्या कन्सोलवर सुरू करायचा आणि तिसऱ्या-चौथ्या तासाला सोडून द्यायचा, असं माझं अनेकदा झालं आहे. गेममध्ये खोट नव्हती. कधी चुकीची आवृत्ती घेतली होती, कधी टीव्हीवर चित्र ताणलं गेलं होतं, तर कधी सगळ्या सोयी एकदम चालू केल्याने लढाईत काही दमच उरला नव्हता. या तिन्ही गोष्टी सुरुवातीलाच सांभाळता येतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. जुन्या गेममधल्या अडचणी दोन जातींच्या असतात. १९८६ चा पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' पाहा. फॅमिकॉमवर (निन्टेन्डोच्या त्या काळच्या कन्सोलवर) त्यात जिन्यावर उभं राहून मेनूतून 'जिना' ही आज्ञा निवडावी लागे, आणि कुणाशी बोलायचं तर आधी दिशा निवडावी लागे. ही अडचण त्या काळाची, ती गेली तर बरंच झालं. पण त्याच गेममध्ये मेलात तर अर्धं सोनं जातं आणि मिळवलेला अनुभव, म्हणजे लढून मिळणारे आणि पात्राची लेव्हल वाढवणारे गुण, मात्र राहतो. हा नियम गेमचे रचनाकार युजी होरी यांनी विचार करून ठेवला आहे. गुहेत अजून दोन वळणं पुढे जायचं की मागे फिरायचं, हा प्रश्न छातीत धडधडतो तो त्या नियमामुळे. नवा कन्सोल या दोन्ही जातींच्या अडचणी काढून टाकायची सोय देतो. पहिली जात काढा, दुसरी राहू द्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने आहेत.

पायरी १ : आवृत्ती ठरवा

खरेदीआधी सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. एकाच नावाखाली चार वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पोर्ट म्हणजे जुना गेम जवळपास जसाच्या तसा. रीमास्टर म्हणजे तोच गेम, पण चित्रं, संगीत, मेनू यांवर हात फिरवलेला. रीमेक म्हणजे नव्याने बांधलेला गेम. आणि चौथा प्रकार म्हणजे वर्गणी भरून मिळणाऱ्या संग्रहात चालणारा मूळ गेम, जसा निन्टेन्डो स्विच ऑनलाइनवरचा 'अर्थबाउंड'. वर्गणी थांबली की हा संग्रह बंद होतो. साठ तासांचा गेम तिथे सुरू करणार असाल तर मुदत आधी पाहून घ्या.

सर्वात जास्त गोंधळ 'फायनल फॅन्टसी ७' चा होतो. १९९७ चा मूळ गेम तीन डिस्कचा होता. २०२० चा 'रीमेक' त्यातल्या फक्त मिडगार शहराच्या भागावर बांधला आहे. पुढची कथा २०२४ च्या 'रीबर्थ' मध्ये येते, आणि लढाईची पद्धतही पूर्ण वेगळी आहे. दोन्ही गेम उत्तम आहेत, पण जुन्या आठवणीकडे परतायचं असेल तर ते घेऊ नका. मूळ गेमचा पोर्ट स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर मिळतो, तो घ्या.

'फायनल फॅन्टसी १ ते ६' साठी 'पिक्सेल रीमास्टर' घ्या. स्विच आणि प्लेस्टेशन ४ वर ही मालिका एप्रिल २०२३ मध्ये आली. तिच्यात मूळ आणि नव्याने बांधलेलं असं दोन्ही संगीत निवडता येतं, अक्षरांचं वळणही बदलता येतं. संगीतकार नोबुओ उएमात्सु यांच्या ज्या चाली एकेकाळी ६४ केबीच्या ध्वनिस्मृतीत कोंबाव्या लागल्या होत्या, त्या पूर्ण वाद्यवृंदात ऐकताना गळा दाटून येतो. सहाव्या भागातला ऑपेराचा प्रसंग तर आता खऱ्या आवाजात गायला जातो. एक उणीव मात्र आहे. गेम बॉय ॲडव्हान्सच्या आवृत्त्यांत वाढवलेल्या गुहा आणि बॉस (गुहेच्या शेवटी भेटणारे तगडे शत्रू) यात नाहीत. तुम्ही तेव्हा ती आवृत्ती खेळला असाल तर हे माहीत असू द्या.

'ड्रॅगन क्वेस्ट ३' चा २०२४ चा एचडी-२डी रीमेक मला मनापासून आवडतो. सपाट चित्रातली माणसं आणि खोली असलेला देखावा असं त्याचं रूप आहे, पण आतला सांगाडा १९८८ चाच आहे. पुढे कुठे जायचं ते दाखवणारी खूण त्यात बंद करता येते. करा.

पायरी २ : आपल्याकडचा कन्सोल काय चालवतो ते बघा

प्लेस्टेशन ५ वर प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, पण पहिल्या तीन प्लेस्टेशनच्या डिस्क चालत नाहीत. स्विच २ वर स्विचचे बहुतेक गेम चालतात, कार्डसुद्धा. एक्सबॉक्स सिरीज एक्सवर जुन्या एक्सबॉक्स ३६० चे निवडक गेम चालतात, आणि त्यात 'फायनल फॅन्टसी' चे जनक हिरोनोबु साकागुचींचा चार डिस्कचा 'लॉस्ट ओडिसी' आहे. या एका गेमसाठी तो कन्सोल पुन्हा जोडावा इतका तो चांगला आहे. सिरीज एसला डिस्कची फटच नाही, त्यामुळे तिथे डाउनलोडच घ्यावा लागेल.

डाउनलोड की डिस्क? निन्टेन्डोच्या ३डीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद झाली आणि कितीतरी जुने आरपीजी तिथेच अडकून राहिले. जो गेम दहा वर्षांनी पुन्हा खेळावासा वाटेल, तो डिस्कवर किंवा कार्डवर घ्या.

पायरी ३ : चित्र नीट लावा

दहा मिनिटांचं काम आहे आणि फरक जमीन-अस्मानाचा पडतो. फॅमिकॉमनंतर आलेल्या सुपर फॅमिकॉमचं चित्र साधारण २५६ बाय २२४ ठिपक्यांचं असे आणि ते ४:३ पडद्यावर दिसत असे. आजचा टीव्ही १६:९ असतो. चित्र कडेपर्यंत ताणलं की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, त्या योग्यच आहेत. स्विच ऑनलाइनच्या संग्रहात जुन्या टीव्हीसारख्या रेघा उमटवणारा फिल्टर आहे, तो एकदा लावून बघा. त्या काळचे चित्रकार रंग एकमेकांत मिसळतील असं धरूनच ठिपके भरत, त्यामुळे काही चेहरे या फिल्टरमध्येच जिवंत होतात. पहिल्या प्लेस्टेशनच्या गेमसाठी वेगळा उपाय लागतो. पात्रं नवी, रेखीव आणि मागचे देखावे जुने, धूसर, अशी विसंगती 'फायनल फॅन्टसी ८' आणि '९' मध्ये ठळक दिसते. हे गेम मोठ्या टीव्हीपेक्षा हातातल्या स्विचच्या छोट्या पडद्यावर जास्त शोभतात.

टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड लावा. पाळी-पाळीने लढायच्या गेमला काय फरक पडतो, असं वाटेल. पण 'फायनल फॅन्टसी' च्या आठव्या भागात नायक स्क्वॉलचा वार लागण्याच्या नेमक्या क्षणी आर१ हे बटण दाबलं तर घाव जास्त बसतो. टीव्ही चित्र उशिरा दाखवत असेल तर हा क्षण सतत चुकत राहतो आणि आपण उगाच स्वतःला दोष देतो.

बटणांचंही पाहून घ्या. प्लेस्टेशनवर जपानी रिवाजात वर्तुळाचं बटण म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नाही'. पाश्चात्त्य आवृत्त्यांत बहुधा उलट. प्लेस्टेशन ५ ने जगभर फुलीलाच 'हो' केलं. जुनी बोटं जुनी सवय विसरत नाहीत, म्हणून पहिल्याच गावात सेटिंगमध्ये जाऊन हवं तसं लावून घ्या.

पायरी ४ : सोयींचा वापर

नव्या आवृत्त्यांत बहुधा तीन सोयी मिळतात: वेग वाढवणं, वाटेतल्या अचानक लढाया बंद करणं, आणि अनुभव किंवा पैसा अनेक पटींनी मिळवणं. 'फायनल फॅन्टसी ७' च्या पोर्टमध्ये तिप्पट वेग आहे. 'पिक्सेल रीमास्टर' च्या कन्सोल आवृत्तीत अनुभव चारपट करता येतो, शून्यावरही नेता येतो.

वेग बिनधास्त वाढवा, पण लढाईतच. संवाद आणि संगीताच्या प्रसंगी तो मूळ गतीवर आणा. आठ वेळा पाहिलेली तीच जादू नवव्यांदा पूर्ण पाहण्यात काही राखण्यासारखं नाही.

अचानक लढायांच्या बाबतीत सांभाळून. एक गुहा डोळ्यांसमोर आणा. दारातून आत गेल्यापासून तळाच्या बॉसपर्यंत वाटेत पंचवीस-तीस लढाया होतील असा हिशेब करून ती आखलेली असते. त्या लढायांतून लेव्हल वाढते, औषधं खर्च होतात, जादूचे गुण आटत जातात. चौथ्या मजल्यावर पोचता तेव्हा दोन पोशन उरलेले असतात, बरं करणाऱ्या पात्राची जादू संपत आलेली असते, आणि समोर बंद दार. बॉस असेल की खजिना? ही घालमेल म्हणजेच हा गेम. लढाया बंद करून तुम्ही दोन मिनिटांत तिथे पोचाल, पण लेव्हल कमी म्हणून बॉस चिरडून टाकेल. मग तुम्ही अनुभव चौपट कराल आणि बॉस तीन फटक्यांत पडेल. दोन्हीकडे गेम हातचा गेला.

माझा नियम असा: नव्या ठिकाणी लढाया चालू. बॉसला हरवून बाहेर पडताना, किंवा राहिलेली पेटी उघडायला त्याच गुहेत परत जाताना बंद. चौपट अनुभवाला पहिल्या अर्ध्या गेममध्ये हात लावू नका. शेवटाकडे लेव्हल वाढवत तासन् तास एकाच रानात फिरायची वेळ आली, तर खुशाल लावा. तुमचा वेळही मोलाचा आहे.

पायरी ५ : शेजारी वही ठेवा

जुने गेम पुढचं काम कुठे आहे ते लिहून ठेवत नाहीत. गावातली एखादी म्हातारी एकदाच सांगते, 'उत्तरेच्या डोंगरात दिवा दिसतो', आणि विषय संपतो. आठवड्याने परत बसलात की ते वाक्य गेलेलं असतं.

वहीची खरी गंमत 'फायनल फॅन्टसी ६' मधल्या झोझो गावात कळते. तिथे सतत पाऊस असतो आणि गावातली माणसं खोटं बोलतात. एका खोलीत बंद पडलेलं घड्याळ आहे, ते बरोबर वेळेवर लावलं की मागची वाट उघडते आणि एडगर या साथीदारासाठी एक हत्यार मिळतं. किती वाजलेत ते विचारलं की जो तो वेगळं सांगतो. एकेकाचं उत्तर लिहायचं आणि खोडायचं. जे कुणीच बोललं नाही ते खरं. इंटरनेटवर हे उत्तर पाच सेकंदांत सापडतं, पण खोडत-खोडत पोचण्याचा आनंद त्यात नाही.

इंटरनेटवरच्या मार्गदर्शिका एकाच कामासाठी वापरा: नंतर कधीच मिळणार नाही असं काय हुकू शकतं, ते पाहायला. त्याच सहाव्या भागात एका ठिकाणी घड्याळ उलटं सुरू होतं आणि गेम विचारतो, उडी मारायची की थांबायचं. शेवटची पाच सेकंदं उरेपर्यंत थांबा. का ते मी सांगणार नाही, पण नाही थांबलात तर पुढे चुटपुट लागेल. उलट नवव्या भागातली बारा तासांच्या आत शेवटाला पोचल्यावरच मिळणारी तलवार पहिल्या फेरीत सोडून द्या. तिच्या मागे धावताना बाकी सगळं निसटतं.

पायरी ६ : तीन सेव्ह, नेहमी

कन्सोल झोपवून ठेवणं म्हणजे सेव्ह करणं नव्हे. ऑटोसेव्ह असलं तरी हाताने तीन वेगळ्या जागी सेव्ह करत जा: एक चालू, एक मागच्या गावातला, एक दहा तासांपूर्वीचा.

तिसऱ्याची गरज 'फायनल फॅन्टसी टॅक्टिक्स' ने सगळ्यांना शिकवली. १९९७ च्या त्या गेममध्ये रिओव्हानेस किल्ल्यात लढाया एकापाठोपाठ येतात आणि मधे सेव्ह करायला मिळतं. पुढच्या लढाईत नायक एकटा एका तगड्या शत्रूसमोर उभा राहतो. तिथेच एकमेव सेव्ह करून ठेवला आणि नायक कच्चा असला, तर बाहेर पडून लेव्हल वाढवायलाही वाट नसते. पन्नास तासांचा खेळ असा अडकलेला मी पाहिला आहे. पुन्हा पहिल्यापासून, दुसरा इलाज नव्हता.

सुरुवात कशाने करावी असं कुणी विचारलं, तर मी 'सुइकोडेन' चं नाव घेतो. योशिताका मुरायामा यांचे हे दोन गेम, १९९५ आणि १९९८ चे, मार्च २०२५ मध्ये एकत्र रीमास्टर होऊन आले. पहिला साधारण वीस तासांत होतो, लढाया झटपट संपतात, आणि १०८ साथीदार जमवताना किल्ला हळूहळू माणसांनी भरत जातो. कुणी हुकला तर सर्वात चांगला शेवट मिळत नाही, म्हणून वहीत नावांची यादी ठेवा. पहिला भाग संपल्यावरचा सेव्ह पुसू नका. दुसरा भाग सुरू करताना गेम तो मागेल, आणि पहिल्या भागातला तुमचा नायक, तुम्ही ठेवलेल्या त्याच नावाने, पुढे एका गावात मासे धरत बसलेला भेटेल.