धुक्यातला हरिश्चंद्रगड: दोघांनी, एका दिवसात

खिरेश्वरहून तोलारखिंडीमार्गे हरिश्चंद्रगड धुक्यात करायचा तर मला दोघंच बरे वाटतात. चौघं असले की गप्पा रंगतात आणि वाट बघायचं काम कुणाचंच राहत नाही. एकट्याने मात्र जाऊच नका. आणि दोघांपैकी एकाने तरी ही वाट आधी उघड्या हवेत केलेली हवी.

महिना सप्टेंबर धरा. धुकं चालेल, कोसळता पाऊस नको, कारण खिंडीच्या वर कातळाचा टप्पा आहे. रेलिंग आहे हे खरं, पण कातळावरून पाणी वाहत असेल तर चढलेला माणूस उतरताना रडकुंडीला येतो. गड अभयारण्यात येतो, तेव्हा निघण्याआधी बंदी वगैरे नाही ना, याची चौकशी करा.

माळशेज रस्त्यावरच्या खुबी फाट्यावरून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाचेक किलोमीटरवर खिरेश्वर, हे पायथ्याचं गाव. सकाळी सहाला चालायला लागायचं. सॅकमध्ये आतून प्लास्टिकची मोठी पिशवी, त्यात कोरडा शर्ट. जीन्स घरी ठेवा. टॉर्च दिवसाच्या ट्रेकलाही लागतो. शिट्टी दोघांच्याही गळ्यात हवी, सॅकमध्ये नको. खायला धपाटे, शेंगदाण्याचे लाडू. वर पिठलं-भाकरी मिळेल या भरवशावर राहू नका.

तोलारखिंडीत वाघाचं शिल्प आहे. तिथून सरळ वाट पलीकडे कोथळ्याकडे उतरते, गडाची वाट डावीकडे. इथवर कुणी चुकत नाही. कातळटप्पा संपला, पठार लागलं की खरा प्रकार सुरू होतो. टेकाडामागून टेकाड, सगळी सारखीच. त्यात कारवीच्या झुडपांतून गेलेल्या ढोरवाटा माणसांच्या वाटेपेक्षा जास्त मळलेल्या. बाण आणि दगडांच्या रचलेल्या खुणा आहेत, पण दाट धुक्यात पुढची खूण दिसतेच असं नाही.

म्हणून आमची पद्धत अशी. माझ्या मित्राला चष्मा आहे, काचा सारख्या पुसाव्या लागतात, त्यामुळे पुढे मी. (खाऊची पिशवी त्याच्याकडे. तो ती गरजेपेक्षा लवकर उघडतो.) पुढची खूण दिसली तर दोघंही चालायचं. नाही दिसली तर तो मागच्या खुणेला हात लावून उभा राहतो आणि मी एकटा पुढे शोधायला जातो, हाळी ऐकू येईल इतकंच अंतर. मी "ओऽ" म्हणायचं, त्याने "ओऽ" म्हणायचं. त्याचा आवाज पुसट झाला की मी उलटा फिरतो. खूण सापडली तर त्याला बोलावतो, नाही सापडली तर त्याच्यापाशी परत येऊन दुसऱ्या बाजूला शोधतो. वेळ जातो, पण दोघंही एकदम हरवत नाही. "असेल इकडेच, चल" हे वाक्य पठारावर बंद.

वाऱ्याकडेही लक्ष ठेवा. पावसाळ्यात ढग कोकणातून वर येतात, वारा पश्चिमेचा. खिंडीतून गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाकडची वाटही साधारण पश्चिमेलाच जाते, म्हणजे जाताना वारा तोंडावर, परतताना पाठीवर. घळीत तो गरगरतो, तिथे भरवसा नको. टेकाडाच्या माथ्यावर उभं राहून अंदाज घ्या.

साडेअकरापर्यंत हे देऊळ आलं नाही, तर जिथे असाल तिथून मागे. यावर वाद घालायचा तर खाली खिरेश्वरात येऊन घाला. देऊळ वेळेत आलं तर केदारेश्वराची गुहा बघा: पाण्यातलं मोठं शिवलिंग आणि चारपैकी उरलेला एकच खांब. कोकणकड्यावर, म्हणजे गडाच्या कोकणाकडच्या उभ्या कड्यावर, मात्र धुकं फाटलेलं असेल तरच जा. कडा आत वळलेला आहे, काठ कुठे संपतो हे दाट धुक्यात पायाखाली आल्यावरच कळतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने इथे पाहिलेलं गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, आपल्यालाही दिसेल असं बऱ्याच जणांना वाटतं. त्यासाठी पाठीमागे ऊन आणि समोर दरीत धुकं लागतं. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे वेळ सकाळची. खालून निघून त्या वेळेत पोचणं होत नाही. ते बघायचं तर मुक्काम करा.

एकच्या आत परतीला लागा, धुक्यात अंधार लवकर पडतो. खाली आल्यावर ज्यांच्या अंगणात गाडी लावली असेल त्यांना "उतरलो" म्हणून सांगा, नाहीतर ती माणसं रात्री उगाच कंदील घेऊन बाहेर पडतात.