धुराच्या बिअरला गुण देताना

बाम्बेर्गची राउखबिअर पहिल्या घोटाला धुरावलेल्या मांसासारखी लागते आणि बरेच जण तिला तिथेच नापास करतात. हा तिच्यावर अन्याय आहे. जर्मनीतल्या या शहरात त्यासाठीचं माल्ट, म्हणजे मोड आणलेलं धान्य, बीच झाडाच्या लाकडाच्या विस्तवावर वाळवतात. धूर त्या माल्टमधूनच उतरतो.

म्हणून गुण अर्धा ग्लास झाल्यावरच द्या. तोवर नाक धुराला सरावतं, मग माल्टचा गोडवा आणि हॉप्स या वेलीच्या फुलांचा कडवटपणा वेगळा कळू लागतो. बाटली फ्रीजमधून काढून दहाएक मिनिटं ठेवा, फार गार बिअरचा वास दबून राहतो. सोबत तिखट फरसाण नको, साधा पाव आणि पाणी पुरे.

बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या परीक्षणपत्रात 50 पैकी 20 गुण चवीला, 12 वासाला, 10 एकूण प्रभावाला, 5 तोंडातल्या पोताला आणि दिसण्याला फक्त 3 असतात. घरीही हीच वाटणी धरा. ‘मला आवडली का’ हे मात्र वेगळ्या ओळीत लिहा. धूर आहे म्हणून गुण कापू नका. राखेसारखी, घशात खवखवणारी चव आली तर जरूर कापा.