टेंडरचं बीओक्यू (कामांचे दर भरायची एक्सेल फाईल) अपलोड होत नव्हतं, शेवटी असं जमलं

कुर्ल्याच्या एका ठेकेदार मित्राचं गटारदुरुस्तीचं ई-टेंडर भरत होतो. बीओक्यूच्या एक्सेलवर लाल पट्टी, मॅक्रो (फाईलमधला आपोआप चालणारा कोड) ब्लॉक, टेंडरचं पोर्टल फाईल घेईना. ब्राउझर बदलला, लॅपटॉप बदलला, उपयोग शून्य. अशाने लहान ठेकेदार बाहेर राहतात आणि स्पर्धाच आटते, याचा फार त्रास होतो.

चाललं ते असं: जुन्या कॉप्या डिलीट करून फाईल परत डाउनलोड केली, नावापुढे कंसात 1 लागला नाही ना ते बघितलं, कारण नाव बदललं की पोर्टल नाकारतं. मग न उघडता राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकवर टिक, ओके. मगच उघडून एनेबल कंटेंट, फक्त मोकळ्या सेलमध्ये ठेकेदाराचं नाव आणि दर, त्याच नावाने सेव्ह, एक्सेल बंद, अपलोड. नंतर फ्रीझ बिड (बोली कायम करायचं बटण) दाबून पावती घ्याच.